फलक नंतर, आधी वही

तुझा प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडवरच्या कॉलेजात तू एसवाय बीएस्सीला आहेस, विषय केमिस्ट्री. निसर्ग मंडळात चौदा जण. दोन वर्षांत खाडीकिनारी सहा सफाई मोहिमा, दोन वृक्षारोपणं आणि तलावपाळीला एक मूक निदर्शन झालं. फोटो ढीगभर, फरक काही नाही. प्राचार्य म्हणतात, आधी परीक्षा बघा. त्यात परवा कॉलेजमागच्या रस्त्यावरच्या पाच झाडांवर तोडणीची नोटीस लागली. आता उपोषणाला बसू की कोर्टात जाऊ, असं विचारलं आहेस.

सध्या दोन्ही राहू दे. मी बावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत कॉलेजच्या पोरांबरोबर हेच काम करतोय. या दोन्ही वाटांनी गेलेली पोरं दमून परत आलेली पाहिली आहेत. आधी नोटिशीचं बघू, कारण तिथे दिवस मोजके आहेत.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. या कायद्याखाली तोडणीचा अर्ज आला की झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रातही द्यावी लागते, आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. हे सात दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून धरा, तुम्हाला कागद दिसला तिथपासून नव्हे. आज संध्याकाळी उजेड आहे तोवर दोघं जा. प्रत्येक झाडाचे तीन फोटो काढा: पूर्ण झाड, नोटीस वाचता येईल असा, आणि बुंध्यावर रंगवलेला नंबर. शिंप्याची टेप घेऊन जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजा. घरटं, ढोली, मधाचं पोळं दिसलं तर लिहून ठेवा. झाडं खरंच पाचच आहेत का, तेही मोजा. हसू नकोस, ही मोजणी कितीदा चुकते ते मला ठाऊक आहे.

एका नोटिशीत सात झाडांपुढे जातीच्या रकान्यात नुसतं ‘जंगली’ लिहिलेलं होतं. आम्ही पानं घेऊन बॉटनीच्या मॅडमकडे गेलो. त्यातली दोन ताम्हणाची निघाली. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल! हरकतीत तेवढं एक वाक्य घातलं आणि सुनावणीत साहेबांनी स्वतःहून त्या दोन झाडांचा विषय काढला. ‘झाडं आपल्याला प्राणवायू देतात’ हे वाक्य त्यांनी हजार पत्रांत वाचलेलं असतं, ते पत्रात घालू नका. नंबर, जात, घेर, नोटिशीत काय लिहिलंय, जागेवर काय आहे, एवढंच लिहा. आणि एक साधा प्रश्न विचारा: गटाराची किंवा रस्त्याची आखणी दोन-तीन फूट सरकवून यातलं कुठलं झाड वाचतं का? आराखड्याची प्रत मागा, सुनावणी मागा.

वयाचा मुद्दा विसरू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे कागदावर वय कमी लागलं की लावायची झाडंही कमी होतात. वय कसं ठरवलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नौपाड्यात एकदा आम्ही एका रेन ट्रीसाठी धडपडत होतो. समोरच्या चाळीतल्या आजींनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून दिला. मांडवाच्या मागे तोच रेन ट्री उभा, तेव्हाच दुमजली उंच, आणि फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत तारीख. त्या फोटोची झेरॉक्स हरकतीला जोडली. असा पुरावा लॅबमध्ये मिळत नाही, त्यासाठी चाळीचे जिने चढावे लागतात.

पत्राच्या दोन प्रती घेऊन उद्यान विभागात जायचं, आवक शिक्का मारून पोच घ्यायची. ईमेल करा, पण पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका. पाचातली दोन वाचली तर ते पदरात घ्या आणि उरलेल्या तीन झाडांच्या बदल्यात लावलेली रोपं पुढच्या मे महिन्यात जिवंत आहेत का ते बघायला जा. मे महिन्यात बघायला कुणीच जात नाही.

आता मूळ दुखणं. तुम्हाला नोटीस लागल्यावर जाग आली. नोटीस ही पुष्कळ पुढची पायरी असते. टेंडर, आराखडा, अर्ज सगळं झाल्यावर ती झाडावर येते. २०१९ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडताना काय झालं आठव. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच याचिका करून घेतली आणि ७ तारखेला सुट्टीत खास बसून तोड थांबवली. पोरांच्या एका पत्राने एवढं झालं ही मोठीच गोष्ट. पण तोवर तोडायची होती त्यातली बहुतेक झाडं आडवी झाली होती.

विद्यार्थ्यांच्या चळवळीची एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही. तुम्ही तीन वर्षांत निघून जाता. ज्याला भराव टाकायचाय तो इथेच असतो, आणि त्याला कॅलेंडर कळतं. मोर्चा ऑगस्टमध्ये निघाला तर तो ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट बघतो. एप्रिल-मेमध्ये पोरं गावी असतात, तेव्हा डंपर निवांत येतात. दर जूनला नवी बॅच पहिल्यापासून सुरुवात करते, तीच सफाई, तेच टी-शर्ट. म्हणून माझं उत्तर कंटाळवाणं आहे: एक जागा निवडा आणि तिची वही ठेवा. चौदा जणांना एक जागा पुरते. दोन घेतल्या तर दोन्ही सुटतात.

सफाईवर माझा राग नाही, पण आमची एक फजिती सांगतो. कोपरीच्या बाजूला खाडीवर रविवारी सकाळी साठ पोरं उतरवली. साडेनऊपर्यंत चाळीस पोती भरली. गाडी पाठवतो म्हणाले होते त्यांची गाडी आली नाही. पोती काठावर रचून, फोटो काढून आम्ही निघालो. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका जाळं विणत बसले होते, मान वर न करता म्हणाले, “आज अवस हाय. बाराला पानी इथवर येल.” आम्ही ऐकलं आणि वडापाव खायला गेलो. एक वाजता परत आलो तेव्हा निम्मी पोती पाण्यात होती, काहींची तोंडं सुटलेली. आमच्याच हाताने गोळा केलेल्या पिशव्या तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, परत जाऊन बसल्या होत्या. वर साठ जणांच्या पायांनी जी श्वसनमुळं चेंगरली, ती निराळीच. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती टोकं म्हणजे तिवराचं नाक. तेव्हापासून मी आठ-दहापेक्षा जास्त जण कांदळवनाजवळ नेत नाही आणि गाडी समोर उभी असल्याशिवाय एक पोतं भरू देत नाही.

त्याच काकांनी नंतर भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुढे सहाएक तासांनी ओहोटी. ठाण्याकडे खाडीत आत यावं तसं पाणी थोडं उशिरा चढतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण हा हिशोब येणाऱ्या पोरांशी कोळीवाडा वेगळ्या सुरात बोलतो. कोळीवाड्यात पहिल्या दिवशी प्रश्नावली घेऊन जाऊ नका. खाडीत निवट्या किती उरला, बोईट कुठवर येतं, चिंबोरी कधीपासून कमी झाली, हे त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहा. खाडी बिघडल्याचा हिशोब त्यांच्या ताटात रोज होत असतो. येऊरच्या पाड्यांवर जाल तेव्हाही हेच.

वहीत काय लिहायचं? एक खरं उदाहरण देतो, आणि तू केमिस्ट्रीची आहेस म्हणून जरा सविस्तर. ठाण्यातल्या एका तलावात उन्हाळ्यात मासे मेले. कुणी म्हणालं विष टाकलं, कुणी म्हणालं कारखान्याचं पाणी. आमच्या सहा जणांनी तिथली वही आदल्या वर्षीच सुरू केली होती: तारीख, वेळ, ढग, पाण्याचा रंग, वास, मासे वर येऊन तोंड उघडतात का. वही चाळली तर मासे वर येण्याच्या नोंदी सगळ्या पहाटेच्या, पाणी हिरवंगार असतानाच्या आणि बहुतेक ढगाळ दिवसानंतरच्या. मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत लावली. बीओडीची ३०० मिलीची बाटली पाण्याखालीच भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. दुपारी तीनच्या बाटलीत दाट तपकिरी गाळ बसला. पहाटे साडेपाचच्या बाटलीत गाळ जवळजवळ पांढरा. लॅबमध्ये थायोसल्फेटने टायट्रेट करायच्या आधीच पोरांना उत्तर दिसलं होतं, कारण पाण्यात ऑक्सिजन नसेल तर तो गाळ पांढराच राहतो. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं. लिटरला दोन-तीन मिलीग्रॅमच्या खाली आला की मासे गुदमरतात.

शेवाळाला खत कुठून मिळत होतं? निर्माल्य, माशांना टाकलेला पाव, आणि एका कोपऱ्यातून झिरपणारं सांडपाणी. पहिल्या दोन गोष्टींसाठी आम्ही मंदिराच्या पुजाऱ्यांशी आणि सकाळी फिरायला येणाऱ्या काकांशी बोललो. पाव टाकणाऱ्यांना पुण्य मिळतंय असंच वाटतं, त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. त्या दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा बरेच जण थांबले, सगळे नाही. सांडपाण्यासाठी माहितीचा अधिकार वापरला.

हा २००५ चा कायदा तुमच्या वयाला बरा जमतो, पण पोरं त्यात हमखास चुकतात. अर्ज मंडळाच्या नावाने करायचा नाही, हक्क नागरिकाचा आहे, म्हणून स्वतःच्या नावाने करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘तलाव का साफ होत नाही?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी कागद मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पाणी तपासणीच्या अहवालांच्या प्रती, त्या बाजूच्या मलनिस्सारण वाहिनीचा नकाशा, सफाईच्या कामाचे आदेश आणि बिलं. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. आम्हाला नकाशा मिळाला आणि त्यावर ती गळकी वाहिनी आमच्या वहीतल्या कोपऱ्यावरूनच जात होती. दुरुस्तीला पुढे दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात वही तीन हातांत फिरली.

खाडीच्या बाजूला राडारोडा पडताना दिसला तर पद्धत वेगळी. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे. भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचाय. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती आहे आणि कोकण भवन बेलापूरला, म्हणजे तुमच्यापासून एका लोकलच्या अंतरावर. वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे. ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य २०१५ चं आणि खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हे दोन्ही उल्लेख पत्रात असू द्या. पण अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, नाहीतर गुन्हा तुमच्यावरच लागायचा.

फोटो नेहमी एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने. आम्ही एक विजेचा खांब ठरवला होता. दर पंधरा दिवसांनी खांबाला पाठ टेकवून एक फोटो. एकेक फोटो पाहिला तर त्यात काही दिसत नाही. ओळीने बारा लावले की भराव कसा पुढे सरकला ते अधिकाऱ्याला तोंडाने सांगावं लागत नाही. नेरूळच्या डीपीएस तलावात २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचं पाणी येणं अडलं, तलाव सुकला आणि रोहित मेलेले सापडले. तो आवाज आधी उठवला तो तिथे रोज फिरायला जाणाऱ्या, रोज बघणाऱ्या माणसांनी. आणि हे मी दरडावून सांगतोय असं समज: रात्री डंपरचा पाठलाग करायचा नाही. ड्रायव्हरचा चेहरा टिपायला जवळ जायचं नाही. एकदा माझ्या दोन मुलांना अडवून त्यांचे फोन फोडले गेले. त्यांच्या आयांना मी काय उत्तर दिलं ते मला अजून आठवतं. दिवसाउजेडी जा, चौघं जा, निघताना घरी सांगून जा.

प्राचार्यांचं म्हणशील तर ते शत्रू नाहीत, त्यांना मंडळाच्या भाषेत त्यांचा फायदा दिसत नाही इतकंच. त्यांच्या टेबलावर नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची, फाइल असते आणि तिच्यात ग्रीन ऑडिटचा, कचरा व्यवस्थापनाचा रकाना असतो. पाच दिवस कँटीनचा कचरा ताणकाट्यावर मोजा: ओला, सुका, न खाल्लेलं अन्न, कागदी कप वेगळे. हातमोजे घाला, कँटीनच्या मावशींना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना वाटेल त्यांची तक्रार होणार आहे. एका पानावर आकडे लिहून द्या आणि म्हणा, सर, हे आपल्या ऑडिटला लागेल. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचेच असतात, ते वहीच्या कामात धरून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आहेत, तेही लावून घ्या. सुकी पानं जाळायची बंद करून पालापाचोळ्याचं खत करा, एवढं तर महिन्याभरात होईल. फार ओलं टाकलं की वास मारतं, मग पानं वाढवायची. यात मोठी विद्या नाही.

सोसायट्यांत जायचं असेल तर सेक्रेटरीच्या मीटिंगला भाषण नको. ओला-सुका वेगळा करणारे हात घरकाम करणाऱ्या ताईंचे आणि डबे उतरवणाऱ्या भाऊंचे असतात. आम्ही एका संकुलात दोन महिने सभासदांना चित्रफिती दाखवल्या, काही झालं नाही. मग सकाळी अकराला, ताई कामं आटोपून खाली टेकतात त्या वेळी, त्यांच्याबरोबर चहा घेतला. एकीने विचारलं, “वरती आम्ही वेगळा करतो, खाली हा गाडीवाला एकत्रच ओततो, मग कशाला?” दोन महिन्यांत हा प्रश्न एकाही सभासदाला पडला नव्हता. काम त्या गाडीपासून सुरू करायला हवं होतं.

निदर्शनं कधी करायची? वहीत सांगण्यासारखं काही जमलं, पत्रं गेली, पोच आहेत आणि तरी दार उघडत नाही तेव्हा. पोलिसांना आधी कळवून, फलकावर घोषणेऐवजी तारखा लिहून. ‘पहिलं पत्र अमुक दिवशी, उत्तर नाही’ असा फलक पत्रकार आपणहून टिपतात.

वहीचे दोन नियम. प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या, त्यांतली एक एफवायच्या पोराची. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, परीक्षेचं वारं सुरू व्हायच्या आत, वही पुढच्या बॅचकडे द्यायची, लायब्ररीत झेरॉक्स ठेवून. सुट्टीत ठाण्यातच राहणारे दोघं आधीच ठरवून घ्या, एप्रिल-मेच्या नोंदी त्यांच्या.

आणि हो, खाडीवर जाताना गमबूट घालू नका. चिखल ते ओढून घेतो, पाय वर येतो आणि बूट आत राहतो. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी दोनदा गाठ मारून. परत आल्यावर नळाखाली लगेच धुवा, वाळला की तो चिखल निघत नाही.